झुंबाडचे मागचे पाय

मंगळवार, ४ मार्च

आजपासून लिहून ठेवणार आहे. बोललं की भांडण होतं आणि पोटात ठेवलं की पित्त वाढतं, त्यापेक्षा हे बरं.

तर पुढचा आज परत माझ्या अंगावर टेकला. भर खेळात, चढावर.

आमच्या नाटकात झुंबाड नावाचा प्राणी आहे. बैलाएवढं अंग, घोड्यासारखी मान, पाठीवर पंख आणि तोंड असं की घुबडाने बघून मान फिरवावी. सगळ्या जगात तो एकटाच उरलाय, डोंगरावर राहतो, आणि खालच्या गावातल्या लोकांना वाटतं तो माणसं खातो. मुलं नाटकाला येतात ती त्याच्यासाठी. राजा कोण, प्रधान कोण, हे घरी पोचेपर्यंत विसरतात. झुंबाड मात्र मोठं झाल्यावरही लक्षात ठेवतात, पुढे स्वतःच्या मुलांना घेऊन येतात.

पण झुंबाड एक नाही, दोन माणसं आहेत. डोकं, मान आणि पुढचे पाय म्हणजे तो. उरलेलं सगळं मी. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी त्याच्या कमरेचा पट्टा धरून, अंधारात. मला दिसते ती त्याच्या बनियनची पाठ. इतकी वर्षं तीच पाठ बघतोय, लग्न झालेल्या माणसानेही बायकोचं तोंड इतकं बघितलं नसेल. आत बोलायचं नाही हा नियम, कारण कापडातून आवाज बाहेर जातो. म्हणून सगळा कारभार श्वासावर. त्याने श्वास आत घेतला की डावा पाय, सोडला की उजवा. पाठ फुगते, बसते, त्यावर मी चालतो. त्यामुळे नाटक मंडळीत सगळे त्याला पुढचा आणि मला मागचा म्हणतात. खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी निघतात.

चढ म्हणजे स्टेजवरचा लाकडी डोंगर. तिथे मधेच थांबून याने सगळं वजन मागे सोडलं. मी आधीच वाकलेला, त्यात हे धूड! बाहेर आल्यावर विचारलं, "काय रे, मी भिंत आहे का?"

तर हसला. म्हणाला, "भिंतीपेक्षा बरा आहेस."

मिजास बघा.

गुरुवार, ६ मार्च

खेळ नाही. खालच्या लॉन्ड्रीतून दिवसभर इस्त्रीची वाफ वर येते, खोलीत बसवत नाही. वाचनालयात गेलो आणि गोष्टींतल्या प्राण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आलो. पंखांचा घोडा आहे, खजिन्यावर बसलेला साप आहे, सिंहाच्या अंगावर माणसाचं डोकं आहे, एक पक्षी तर जळून राखेतून परत उठतो. सगळ्यांची डोकी, चोची, डोळे रंगवून रंगवून लिहिलेत. मागचे पाय कुणाच्याच वाट्याला आले नाहीत. जसे काही ते सगळे कमरेपर्यंतच होते!

संध्याकाळी अक्काचा फोन. थोरली बहीण म्हणजे आईच्या वरताण. "अजून शेपटीतच का रे?" मी म्हटलं, "शेपटीशिवाय प्राणी उभा राहत नाही, अक्का." ती म्हणाली, "एखादी बायको केली असतीस तर तिने तरी तुला पुढे ढकललं असतं." तिचा कुकर झाला म्हणून तिने फोन ठेवला.

माझ्याकडे फोन येतो तो तिचा आणि पुढच्याचा. पुढच्याचा रोज रात्री यायचा, उगाच. आज काय खाल्लंस, गुडघा कसा आहे. हल्ली येत नाही. मोठा माणूस झालाय बहुतेक.

रविवार, ९ मार्च

आज हद्द झाली. दुसऱ्या खेळात त्याने एका पावलात दोनदा श्वास घेतला. मी काय करणार? दोन्ही पाय उचलले आणि बसलो खाली. झुंबाड कुत्र्यासारखा बुडावर बसला आणि अख्खं थिएटर हसलं. जिथे मुलांनी घाबरायचं तिथे मुलं हसली. माझी इज्जत गेली. त्याची नाही, कारण बसले ते मागचे पाय.

वर त्याची पाठ ओलीचिंब, आणि घाम कसा तर थंडगार. माझ्या कपाळाला लागला. शी! पूर्वी हा पठ्ठ्या असा नव्हता. व्यायाम सोडलाय, दुसरं काय. चढ आला की टेकायचं, उतार आला की पाय ओढायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पोस्टरवर झुंबाडचं तोंड छापतात ना, त्याची ही नशा आहे.

"चहा घेतोस का?" म्हणून खेळ संपल्यावर मीच विचारलं. "नको, घरी जातो," म्हणाला. मी विचारायचं आणि त्याने नाही म्हणायचं, असं कधी झालं नव्हतं.

सोमवार, १० मार्च

दिग्दर्शक बाईंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तो काम टाळतो, माझ्यावर भार टाकतो, खेळ पडतोय. म्हटलं, एक तर त्याला समज द्या नाहीतर मला मोकळं करा.

बाई चष्मा पुसत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू त्याला विचारलंस का, काय होतंय ते?"

"विचारायचं काय त्यात? मागून मला सगळं कळतं. चेहरा खोटं बोलेल, पाठ नाही बोलत."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "पुढे तू जाशील?"

माझ्या कानांवर विश्वास बसेना. "मी?"

"त्यानेच सांगितलंय. मागच्या आठवड्यात येऊन म्हणाला, पुढचं आता त्याला द्या, त्याच्याशिवाय झुंबाड कुणाला माहीत नाही."

म्हणजे पळ काढायचं आधीच ठरवून बसला होता! मला एका शब्दाने बोलला नाही. बरं झालं तक्रार केली, नाहीतर मी गाढवासारखा त्याचं ओझं वाहत राहिलो असतो. आज आनंद व्हायला हवा. झालाय. जेवण मात्र गेलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

मागे आता एक नवी मुलगी घेतली आहे, नाच शिकलेली. अंगाने काटक, तोंडाने चुरूचुरू. मला काका म्हणते. तिला पट्टा कसा धरायचा, कमरेत कुठून वाकायचं, खांदे सैल कसे सोडायचे, सगळं शिकवलं. तिने विचारलं, "काका, आत रडू आलं तर?" मी म्हटलं, "खुशाल रड, मागे कोण बघतंय?" ती हसली. मी विनोद केला नव्हता.

पुढचा आला होता, झुंबाडचं डोकं माझ्या ताब्यात द्यायला. जबड्याची दोरी कशी ओढायची, पापण्या कशा मिटायच्या ते दाखवलं. तोंडाच्या फटीतून बाहेर कसं दिसतं तेही. हात जरा कापत होते. आम्ही समोरासमोर उभे होतो आणि मला कुठे बघावं कळेना. त्याचा चेहरा असा समोर कधी असतच नाही. किती उतरलाय! गालफडं आत गेलीत. म्हातारा दिसतो.

"मान वर ठेव," तो म्हणाला. "तुला वाकायची सवय आहे."

मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

डोकं माझ्या हातात दिलं आणि गेला. त्याने पाठ फिरवल्यावर तेवढा ओळखीचा वाटला.

रविवार, १६ मार्च

माझा पहिला खेळ. काय झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, पण वहीला काय.

घंटा वाजली, पडदा वर गेला, झुंबाडने यायचं. आणि मी विंगेत उभा. वाट बघत. समोरची पाठ कधी फुगते याची! समोर पाठ होती कुठे? पाठ माझीच. नवी बिचारी माझ्या श्वासाची वाट बघतेय आणि मी श्वास धरून तिसऱ्याच कुणाची वाट बघतोय. संगीतवाल्याने तोच तुकडा तीनतीनदा वाजवला. शेवटी शिवणवाल्या काकूंनी मागून फटका मारला, तेव्हा झुंबाड स्टेजवर गेला.

बरं, गेला तो मान खाली घालून. पट्टा धरून वाकायचं हाडात मुरलेलं, मान वर होईचना. झुंबाड सगळा वेळ जमिनीकडे बघत चालला. पहिल्या रांगेतली एक पोर आईला मोठ्याने म्हणाली, "त्याचं कुणीतरी हरवलंय का गं?"

मला वाटलं बाई सोलून काढणार. तर त्या म्हणाल्या, "आज झुंबाड खरा एकटा वाटला. असंच ठेव."

वाटणारच. मागे असताना समोर कुणीतरी असतं. पुढे गेलं की कुणीच नसतं, नुसता उजेड असतो तोंडावर. इतकी वर्षं मी ह्या जागेसाठी जळलो! घरी आलो, दिवा लावला आणि खूप वेळ फोनकडे बघत बसलो. मी करू शकलो असतो. पण त्याने का करू नये?

बुधवार, १९ मार्च

पंखाची शिवण उसवली म्हणून शिवणवाल्या काकूंकडे बसलो होतो. आमच्या दोघांच्याही अंगाचं माप त्यांना पाठ आहे. बोलता बोलता म्हणाल्या, "त्याला बघून आलास का? डॉक्टरांनी जिनेसुद्धा बंद केलेत म्हणे."

"कुणाचे जिने?"

त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. "अरे, त्याचं हृदय कमजोर झालंय. तुला माहीत नाही? तूच ना रे तो, पाठ बघून सगळं कळणारा?"

मी उठून आलो. पंख तिथेच राहिला.

मला खूप राग आलाय. त्याने सांगायला हवं होतं. मला! काकूंना माहीत, बाईंना माहीत, आणि ज्याच्या कपाळाला त्याचा घाम लागत होता त्याला नाही. तो थंड घाम, दोनदा घेतलेला श्वास, चढावर थांबणं, सगळं मी लिहून ठेवलंय ह्याच वहीत, आणि वर त्याला कामचोर म्हटलंय. आज ती पानं वाचली आणि मला माझीच किळस आली.

शुक्रवार, २१ मार्च

गेलो त्याच्याकडे. तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच असतात. ताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आलात का एकदाचे? रोज विचारतो, मागचा आला का."

आत खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसला होता. मी तोंड उघडलं ते भांडायलाच. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला कामावर येऊ दिलं असतंस?"

"अजिबात नाही!"

"मग? घरी बसून काय करू? ताईच्या भाज्या निवडू?" ताई आतून म्हणाल्या, "निवडतोस कुठे, निम्म्या देठांसकट टाकतोस."

मी म्हटलं, "मी तुझी तक्रार केली बाईंकडे."

"माहीत आहे. बरोबर केलंस, खेळ पडत होता."

ताई चहा घेऊन आल्या. त्याला कपभर पाणी, मला चहा. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "मी किती सांगितलं, सोड ते काम, एखाद्या दिवशी स्टेजवर पडशील. तर म्हणायचा, पडत नाही गं, मागे तो आहे, त्याच्यावर टेकतो."

जिन्यात थोडा वेळ बसलो.

बुधवार, २६ मार्च

आता एक दिवसाआड जातो. तो बोलत नाही फार, दम लागतो. मी पुस्तकातले प्राणी वाचून दाखवतो. राखेतून उठणारा पक्षी त्याला आवडला नाही. "उठून परत तेच करणार ना?" म्हणाला. झुंबाड त्याच्या मते सगळ्यांत बरा, कारण त्याला कसली जादू येत नाही, नुसतं राहता येतं.

मग म्हणाला, "गंमत बघ, झुंबाड आपण दोघांनीच कधी बघितला नाही. मला बघायचाय."

ताई नको म्हणाल्या, डॉक्टर नको म्हणाले. हा कुणाचं ऐकतोय! तीस तारखेला येणार. कडेची खुर्ची ठेवायला सांगितली आहे.

रविवार, ३० मार्च

आला. ताईंनी टॅक्सीने आणला, दारवानाने धरून आत बसवला. मी फटीतून बघितलं. कडेच्या खुर्चीत अंगावर शाल घेऊन बसलेला. मी आज जीव ओतला. मान वर ठेवली. जबडा, पापण्या, सगळं त्याने शिकवलं होतं तसं, कणभर जास्तच चांगलं.

खेळ संपल्यावर तसाच, घामाने निथळत बाहेर गेलो. "बोल! कसा झाला?"

"छान," म्हणाला. मग शाल सारखी करत बसला. "खरं सांगू? तोंडाकडे मी बघितलंच नाही. ते मी रोज डोक्यावर घालायचो, त्यात काय बघायचं? मी सगळा वेळ मागच्या पायांकडे बघत होतो. मला तेच कधी दिसले नव्हते ना. मागे तू काय करतोस, कसा चालतोस, एवढीच मला हौस होती. पण मागे तू कुठे होतास?"

ताई म्हणाल्या, "चला, गार वारा लागतोय."

ते गेले. मी झुंबाडचं डोकं काखेत धरून फुटपाथवर उभा. येणारे जाणारे बघत होते.

सोमवार, ३१ मार्च

बाईंना सांगितलं, मला परत मागे घाला. त्या म्हणाल्या, "चेष्टा आहे का? लोकांना तुझा झुंबाड आवडतोय." मी म्हटलं, एक खेळ तरी. त्याला बघायचंय. "पुढे कोण जाणार मग?" नवी पटकन म्हणाली, "मी जाते. काकांचा श्वास आता मला पाठ आहे."

बाईंनी सहा तारखेचा दुपारचा खेळ दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाकडे काहीतरी मागितलं आणि मिळालं.

गुरुवार, ३ एप्रिल

त्याला सांगितलं. गालफडं आत गेलेला चेहरा असा उजळला की काय सांगू. "येतो," म्हणाला. "कुठेही कोपऱ्यात बसव म्हणावं ताईला, मला फक्त मागचे पाय दिसले तरी चालतील." ताई औषधांच्या बाटल्या सारख्या करत होत्या. सूज पावलांवरून वर पोटऱ्यांपर्यंत आली आहे. पडून राहून येते तशी असेल. बाहेर पडला की उतरेल.

दोन दिवस रोज तालीम करतोय. नवी झकास शिकली. गुडघा बोंब मारतोय, मारू दे. मला एकेक पाऊल असं टाकायचंय की त्याला कळलं पाहिजे, हा टेकू आपला होता.

रविवार, ६ एप्रिल

आजचा दिवस सोन्याचा.

सकाळी लवकर थिएटरवर गेलो. सगळे माझ्याही आधी आलेले. बाईंनी आल्या आल्या फोन मागून घेतला, "आज खेळ संपेपर्यंत कुणाकडे फोन नको." नवा नियम. मी म्हटलं, ताईंना विचारायचं होतं टॅक्सी मिळाली का. "मी बघते ते," म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. बाई पाठीवरून हात वगैरे फिरवणाऱ्यांतल्या नाहीत. पण आज मी परत मागे जाणार म्हणून त्यांनाही वाटलं असणार काहीतरी.

काकू माझ्या कमरेला झुंबाडचं कापड शिवत होत्या. डोळे लाल. विचारलं तर म्हणाल्या, कापडाची धूळ गेली. ह्या वयात चष्मा न घालता शिवायचं म्हणजे आणखी काय होणार.

विंगेत उभे राहिलो. मी नवीचा पट्टा धरला. तिची पाठ थरथरत होती, सारखी, हुंदका यावा तशी. पहिल्यांदाच पुढे जातेय, घाबरली पोर. मी पट्टा जरा घट्ट धरला, म्हणजे आहे मी. मग राहवेना. नियम मोडून हळूच विचारलं, "फटीतून बघ ना. कडेची खुर्ची. बसलाय का?"

आवाज कसाबसा काढून ती म्हणाली, "हो काका. बसलेत."

मग काय विचारता! अंगात वारं भरलं. चढावर गेलो तेव्हा गुडघा आहे हेच विसरलो. उतारावर तर झुंबाड मागच्या पायांनी नाचला, हे नाटकात नाहीच, पण पोरं उठून उभी राहिली, टाळ्यांनी कान बधिर झाले. कमरेत वाकून, अंधारात, मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तरी तो खुर्चीत बसून माझे पाय बघतोय हे मला कपाळावर जाणवत होतं. मागून मला सगळं कळतं, ते उगाच नाही. इतकं सुख मला ह्या कामात कधी झालं नव्हतं.

खेळ संपल्यावर धावत बाहेर गेलो तर खुर्ची रिकामी. गर्दीच्या आधी ताईंनी नेला असेल, त्याला गर्दीत दम लागतो. शहाण्या आहेत. आत आलो तर सगळे उभेच होते, मेकअप पुसायचं सोडून. नवीने एकदम गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. मी म्हटलं, "अगं वेडे, छान झालं तुझं!" बाई म्हणाल्या, "जरा बस. बोलायचंय." पण मी कुठला बसतो! म्हटलं, उद्या बसू, आज मला तोंड धुऊन नीट झोपायचंय, सकाळी त्याच्याकडे जायचंय. फोन घेतला आणि आलो निघून. दारवानाने उगाचच सलाम ठोकला.

फोन बंद होता, चार्जिंगला लावला. आता सुरू झाला. ताईंचे बरेच कॉल येऊन गेलेत, सगळे सकाळचे. टॅक्सी मिळत नसेल. मिळाली पण शेवटी.

उद्या सकाळी जाऊन आधी त्याच्यासमोर उभा राहणार आणि विचारणार, आता बोल, कसे होते पाय? तो आधी भाव खाणार. म्हणणार, डावा जरा उशिरा पडला. मग मी म्हणणार, तू श्वास घेतला नाहीस तर कसा पडेल? ताई आतून ओरडणार, त्याला हसवू नका, दम लागतो.

खिडकीतून खाली बाई आणि काकू दिसतायत, लॉन्ड्रीवाल्याला माझी खोली विचारतायत. मला परत पुढे जा म्हणून मनवायला आल्या असणार. मी ऐकणारा नाही, मी आता मागेच.

जिन्यावर आल्या. चहा टाकतो. घरात कप दोनच आहेत, मी पेल्यातून घेईन.